मदत हवी आहे: फील्ड टेक्निशियन आणि कंट्रोल इंजिनिअर कुठून मिळवायचे?

नमस्कार मंडळी, रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं ऑटोमेशनचं काम आहे, पॅनल बनवायचे, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि स्काडा (स्क्रीनवरून प्लांटवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) यांचं प्रोग्रॅमिंग आणि मग साइटवर कमिशनिंग, म्हणजे बसवून, तपासून चालू करून देणं. दोन टेक्निशियन आणि एक कंट्रोल इंजिनिअर हवाय, दोन महिने शोधतोय पण जमतच नाहीये. परवा एक पोरगा आला, सर्टिफिकेटं ढीगभर, त्याला विचारलं सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँप का, शून्यापासून का नाही, तर गप्प. अरे सगळ्यात कमी रीडिंगलाही ४ येतं, वायर तुटली की शून्य येतं, म्हणजे शून्य दिसलं की फॉल्ट, एवढंच तर सांगायचं होतं! उलट एक आयटीआयवाला आला, त्याने मल्टीमीटर हातात घेऊन पाच मिनिटांत लूप (सेन्सर ते पॅनल सिग्नलचं सर्किट) शोधून दिला, पण तळोजा, पाताळगंगा असं फिरायचं म्हटल्यावर घरचे नको म्हणाले 😔

तर विचारायचं असं की ठाणे, कळवा, ऐरोली बाजूला आयटीआयचे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा डिप्लोमावाले कुठे भेटतील, थेट कॉलेजात जाऊन बोलावं का अप्रेंटिस घेऊन आपणच तयार करावं? आणि साइट अलाउन्स, बाईकचं पेट्रोल तुम्ही पगारात धरता की वेगळं देता? इंजिनिअरला लॅडर लॉजिक (पीएलसी प्रोग्रॅम करायची भाषा) यायलाच हवं, पीएलसीचा ब्रँड कुठलाही चालेल, तो शिकवू आम्ही. कोणी ओळखीचं असेल तर प्लीज मेसेज करा, फ्रेशर पण चालेल.