घरात ब्रा न घालणं आणि पावसाळ्यातली पुरळ – सल्ला हवा

केवडा:
मी चिपळूणची, वय ३८, शाळेत शिकवते. जूनपासून स्तनांच्या खालच्या घडीत लाल चट्टे आलेत आणि रात्री इतकी खाज सुटते की झोप लागत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, घरी असाल तेवढा वेळ ब्रा घालू नका, ती जागा कोरडी राहू द्या.

अडचण घरात आहे. आमचं एकत्र कुटुंब. पडवीत सासऱ्यांकडे माणसांची ये-जा असते. सासूबाई वाईट नाहीत, पण दोनदा म्हणाल्या, "गडीमाणसं असतात गं, बरं दिसत नाही." आईला फोन केला तर तिला वेगळीच भीती: "या वयात सोडलीस तर सगळं ओघळेल." मी रात्रीसुद्धा काढत नव्हते, वीस वर्षं!

तर विचारायचं असं, की न घालण्याने खरंच काही नुकसान होतं का? घरात त्याऐवजी काय घालता? आणि शाळेसाठी कुठली घ्यावी? सध्या ३६ बी वापरते, पट्टे सारखे खांद्यात रुततात.

निर्गुडी:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंची भीती आधी दूर करते. स्तनांचा आकार बदलतो तो वयाने, बाळंतपणांनी, वजन चढ-उतार झाल्याने, धूम्रपानाने. घरात चार तास ब्रा काढून ठेवल्याने ओघळतात असा पुरावा नाही. झोपताना घालायचीही गरज नाही. घट्ट ब्राने कर्करोग होतो असा मेसेज फिरत असतो, तोही मनातून काढून टाका. सिएटलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये पाळी थांबलेल्या दीड हजारावर स्त्रियांकडून ब्रा वापरण्याच्या सवयींची माहिती घेऊन हे तपासलं, त्यांना काही संबंध आढळला नाही.

ब्रा आधारासाठी असते. धावताना, बसच्या खडखडाटात, जड स्तन असतील तर दिवसभर उभं राहताना तिचा उपयोग होतो. ज्या वेळी तो आधार लागत नाही, त्या वेळी ती काढण्यात गैर काही नाही.

एक कळकळीचं सांगणं: मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून खाजेचं मलम आणू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी जास्त पसरते आणि औषधाला दाद देत नाही.

सुईदोरा:
ताई, मी १४ वर्षं आतल्या कपड्यांच्या दुकानात काउंटरला होते. बायका यायच्या, इकडेतिकडे बघून कुजबुजत नंबर सांगायच्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं पिशवीत लपवून न्यायच्या. टेप लावू का विचारलं की लाजायच्या. त्यामुळे लग्नाच्या वेळचा नंबर दोन बाळंतपणं झाली तरी तोच.

पट्टे रुततात म्हणजे बहुतेक खालची पट्टी सैल आहे. वजन त्या पट्टीने पेलायचं असतं, खांद्यांनी नाही. घरीच मोजा. स्तनांच्या लगेच खाली टेप घट्टसर धरून इंच बघा, विषम आकडा आला तर पुढचा सम धरा. मग सगळ्यात भरलेल्या भागावरून सैलसर मोजा. फरक १ इंच असेल तर ए, २ तर बी, ३ तर सी, ४ तर डी. काही कंपन्या अजून खालच्या मापात ४-५ इंच मिळवतात, म्हणून पाकिटावरचा तक्ता वाचूनच घ्या. एक गोष्ट बायकांना खरी वाटत नाही: ३४ सी आणि ३६ बी यांचा कप सारखाच असतो, फक्त पट्टी वेगळी.

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलास्टिक पुढे सैल पडतं. पाठीवर पट्टी वर चढत असेल तर ती घेऊ नका. पुरळ आहे तोवर सुती, तार नसलेली, पॅड नसलेली घ्या. स्पंज घाम धरून ठेवतो.

जुनी खणचोळी:
माझी आजी खणाची चोळी घालायची, पुढे गाठ मारलेली. आत काही नाही, वर पदर. शेतात राबली, सहा मुलं वाढवली, गावात तिचा मान होता. तिला कुणी "बरं दिसत नाही" म्हटलं नाही. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब यांना त्यांच्या ब्राचं पेटंट मिळालं ते १९१४ मध्ये, आणि पहिली त्यांनी दोन रुमाल आणि रिबिनीतून शिवून घेतली होती. म्हणजे सासूबाई ज्याला रीत समजतात, ती आपल्याकडे फार जुनी नाही. त्यांना दुखवू नकोस, पण डॉक्टरांनी सांगितलंय हे स्पष्ट सांग. घरात गडद रंगाचा, जाडसर सुती, सैल कुर्ता किंवा आत सुती शमीज. दोन्हीही पुरतं.

आणि वाळत कुठे घालतेस? आमच्याकडे टॉवेलखाली, परकराखाली लपवायची पद्धत होती. कोकणातल्या पावसात तशी ती वाळतच नाही. दमट ब्रा अंगावर चढवलीस तर मलमाचा काय उपयोग? वाळली नाही तर आतल्या बाजूने इस्त्री फिरव. निदान चार असू देत, रोज वेगळी.

केवडा:
आज मोजलं. खाली ३३ म्हणजे ३४, वर ३७. म्हणजे ३४ सी! वीस वर्षं चुकीची घालत होते. तुमचं वाचून सासूबाईंना पुरळ दाखवली. बघून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, त्यांनाही दर पावसाळ्यात होते, कुणाला सांगितलं नाही. त्या अजून घरी शिवलेली बॉडी घालतात, जाड कापडाची.

उद्या दोघी एकत्र दवाखान्यात जातोय. दोरी मागच्या पडवीत बांधली आहे, वर टॉवेल नाही. निर्गुडी, ६५ वर्षांच्या बाईने आता काय घालावं, तेही सांगाल का? हुक लावताना त्यांचा खांदा दुखतो.

निर्गुडी:
पुढून हुक असलेली सुती घ्या, हात मागे न्यावा लागत नाही. आणि घरात त्यांनाही नको वाटली तर नसू दे. खांदा किती दिवस दुखतोय ते मात्र लिहा.