पॅडी, फ्रिट्झ, बहादूर: ही नुसती हाक की हिणवणं?

शब्दवेडा:
एखादं साधं नाव अख्ख्या देशाच्या माणसांना चिकटतं त्याची वाट बहुतेक वेळा एकच असते. नाव त्या लोकांत मुबलक हवं, हाक मारणाऱ्यांत कमी हवं, आणि दोघांची रोज गाठ पडेल अशी जागा हवी: बंदर, छावणी, बांधकाम. पॅट्रिकचं लाडकं रूप पॅडी, म्हणून इंग्लंडात कुठलाही आयरिश मजूर पॅडी. फ्रीड्रिखचा फ्रिट्झ झाला आणि पहिल्या महायुद्धात तो प्रत्येक जर्मन सैनिकाला लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रशियन सैनिकाला इव्हान केलं. आपल्याकडे नेपाळी वॉचमनला बहादूर म्हणतात, तेही याच वाटेनं आलंय. यात मुळात द्वेष नसतो, त्यामुळे या हाकांना सरसकट शिवी ठरवणं मला पटत नाही.

गल्बत:
मुळाशी काय होतं त्यावरून आजचा अर्थ ठरत नाही. दिएगो हे स्पॅनिश नाव. खलाशांच्या तोंडी त्याचं डेगो झालं आणि अमेरिकेत ते इटालियन स्थलांतरितांना हिणवायला वापरलं गेलं. टाइग हे आयर्लंडमधलं जुनं नाव, आजही मुलांना ठेवतात. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र त्याच नावावरून आलेला शब्द कॅथलिकांसाठी शिवी आहे. त्यांना ठार मारा म्हणणाऱ्या घोषणा त्याच शब्दानं भिंतींवर रंगवल्या गेल्या.

आपल्या माणसांवरही हे गुदरलंय. 1860 पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गेलेल्या गिरमिटियांत, म्हणजे करारबद्ध मजुरांत, तमिळ पुष्कळ, त्यांची नावं रामस्वामी, मुनुस्वामी अशी. गोऱ्यांनी शेवट तेवढा उचलला आणि सगळ्या भारतीय माणसांना ‘सामी’ केलं. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की हजरजबाबी माणूस उलट विचारायचा: सामी म्हणजे धनी, मी तुमचा धनी कुठे आहे? हाकेत अपमान नसता तर असं उत्तर सुचलंच नसतं.

जुनाकागद:
एक दुरुस्ती हवी. या यादीत लोक जेरी, म्हणजे ब्रिटिशांनी जर्मन सैनिकाला दिलेलं नाव, घुसवतात आणि तो जेराल्डवरून आला असं सांगतात. तो बहुधा ‘जर्मन’ याच शब्दाचं तोडकं रूप आहे. आपला जेरीकॅन त्यातूनच आला. जर्मन सैन्याचा तो 20 लिटरचा डबा पत्र्याचे दोन भाग जोडून केलेला आणि वर तीन मुठींचा असे. भरलेला डबा एकानं मधल्या मुठीनं उचलायचा किंवा दोघांनी कडेच्या मुठींनी. ब्रिटिशांनी तो पाहून आपलासा केला, नाव मात्र शत्रूचंच ठेवलं.

ब्रिटिश शिपायाला टॉमी म्हणतात, त्याची गोष्ट वेगळी. 1815 साली ब्रिटिश युद्ध खात्यानं सैनिकाच्या हिशेबवहीचा नमुना भरून दाखवताना थॉमस ॲटकिन्स हे नाव वापरलं होतं. तुर्कस्तानातला मेहमेतचिक म्हणजे ‘आपला छोटा मेहमेत’, हे तुर्कांनी स्वतःच्या शिपायाला दिलेलं लाडाचं नाव. म्हणून मी शब्दवेडा यांच्याशी निम्मा सहमत आहे. आपलं आपण ठेवलेलं नाव बोचत नाही.

गल्बत:
मग बहादूर कोणी ठेवलं? नेपाळमध्ये ते बहुतेक मधलं नाव असतं. सूर्य बहादुर थापा आणि शेर बहादुर देउबा, दोघेही पंतप्रधान झाले, त्यांना नुसतं बहादुर कोण म्हणेल? परीक्षा सोपी आहे: अनेकवचन करून पाहा. “सोसायटीनं दोन बहादूर ठेवलेत” हे वाक्य खटकत नसेल, तर ते नाव उरलेलं नाही, हुद्दा झालाय. आणि त्या हुद्द्यावरचा माणूस आसामी असला तरी त्याला बहादूरच म्हणतात.

शब्दवेडा:
अनेकवचनाचं मान्य. पण काही जण स्वतःहून नाव बहादूर सांगतात, त्यांचं काय करायचं? ते खोडून काढणं हाही उद्धटपणाच.

कुलाबकर:
त्यानं सांगितलं तर तेच म्हणावं. न विचारता चिकटवू नये, एवढंच. एजन्सीच्या हजेरीपत्रकात पूर्ण नाव असतं. ते कमिटीनं सूचना फलकावर आणि बिल्ल्यावर लिहावं. अडचण होते ती बदलीच्या माणसाची. तो आठवडाभरात जातो आणि त्याचं नाव कोणी टिपत नाही, म्हणून सगळे पुन्हा जुन्याच हाकेवर येतात. तोपर्यंत ‘दादा’ चालतं. नेपाळीत ‘दाइ’ म्हणजे मोठा भाऊ, तेही चालेल.