तीन अंक कुणी पाहिलेत? आपला सिनेमा मध्यंतराला दुभंगतो

खुर्ची_ज१२
पटकथेच्या वर्गात पहिल्याच दिवशी एक आकृती काढून देतात : पाव भाग ओळख, मधला अर्धा संघर्ष, शेवटचा पाव निकाल. पटकथा शिकवणाऱ्या अमेरिकन सिड फील्डच्या १९७९च्या पुस्तकाची कृपा. आता ती 'सैराट'ला लावा. सिनेमा १७४ मिनिटांचा, म्हणजे पहिला अंक ४४व्या मिनिटाच्या आसपास आटपायला हवा. तोवर तर प्रेमच रंगत असतं! सिनेमा मोडतो तो गाव सुटल्यावर. चारही गाणी अलीकडे, पलीकडे एकही नाही. इकडे विहीर, ट्रॅक्टर, बुलेट. तिकडे हैदराबादची झोपडपट्टी आणि सुमनअक्काची डोशाची गाडी. हे दोनच अंक झाले. आपल्याकडे कथा ऐकवायला गेलं की पहिला प्रश्न 'इंटरव्हलला काय?' हाच असतो. पटकथेचा खरा खांब म्हणजे समोसा.

उलटतपासणी
मग त्या शार्कच्या 'जॉज'चं काय करता? १९७५चा, १२४ मिनिटांचा, अमेरिकेत मध्यंतराशिवाय दाखवलेला. तरी जवळजवळ निम्मा गावात, निम्मा बोटीवर. तिघं शार्क मारायला 'ऑर्का' बोटीवर चढले की महापौर, किनारा, बायकापोरं सगळं मागे राहतं. समोशाविना दुभंगला की!
जागा बदलली, गाणी थांबली, ही नुसती वरची खूण. भाग मोजायचे तर पात्राला आता काय हवंय ते बघा. सिनेमाच्या अभ्यासक क्रिस्टिन थॉम्पसन यांनी १९९९च्या पुस्तकात हॉलिवूडचे सिनेमे असेच तपासले आणि त्यांना बहुतेक ठिकाणी चार भाग दिसले, साधारण वीस ते तीस मिनिटांचे. परशाला आधी आर्चीचं लक्ष हवं, मग चोरून भेट, मग जीव वाचवायचा, मग संसार टिकवायचा. हैदराबादेतला संशय, ती थप्पड, तिचं निघून जाणं, परत येणं, हे सगळं 'उत्तरार्ध' म्हणून एकाच पोत्यात कोंबणार?

सोळा_रिळं
माझे वडील थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. त्यांच्यालेखी सिनेमा सोळा रिळांचा नाहीतर अठरा रिळांचा. हजार फुटांचं रीळ, सुमारे अकरा मिनिटं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू, दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्याच्या ताब्यात. हिरो मरत असला तरी माझी नजर कोपऱ्यातच. पटकथेचे शिक्षक फ्रँक डॅनियल शिकवायचे ती आठ सीक्वेन्सची, म्हणजे आठ प्रसंगमालिकांची पद्धतही दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांचीच. तिचं मूळ रिळात सांगतात. तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, पण कात्री आधी यंत्राने चालवली.

पंचसंधी
भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हे कधीच सांगून ठेवलंय, कथानकाचे पाच टप्पे, म्हणजे संधी : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. अमेरिकेला कशाला जाता?

उलटतपासणी
@पंचसंधी, निर्वहणाला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, फलागम लागतो, नायकाला हवं ते फळ मिळावं लागतं. 'सैराट'च्या शेवटी फळ कुणाच्या हाती लागतं? आर्चीच्या भावाच्या?

खुर्ची_ज१२
'जॉज' मान्य, तिथे मी घाई केली. पण मधोमध काहीतरी मोडतं हे फील्डलाही उमगलं, म्हणून तर त्याने मागाहून 'मिडपॉइंट' जोडला. शिवाय मध्यंतर ही एकच हद्द प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसते. तुमचा तिसरा भाग सुरू झाला म्हणून थिएटरात कुणी दिवे लावत नाही.

उलटतपासणी
दिवे लागले म्हणजे भाग संपला असं कुठंय? मागे एका मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी सिनेमा बघत होतो. पात्र 'मी तुला खरं सांगतो' म्हणालं आणि मध्यंतर! पॉपकॉर्न घेऊन आलो तेव्हा खरं सांगून झालं होतं. आणि 'धोबी घाट' तर आपल्याकडेही मध्यंतराविना लागला. प्रेक्षक काही वाट चुकले नाहीत.

खुर्ची_ज१२
तो दीड-पावणेदोन तासांचा. १७४ मिनिटं बसवून दाखवा, मग बोलू.

सोळा_रिळं
भांडा खुशाल. मला एवढंच सांगा, 'सैराट'च्या शेवटी पडद्यावरचा आवाज जातो आणि रक्ताने माखलेली इवलीशी पावलं उमटत जातात, तो तुकडा कुठल्या अंकात धरता? आमच्याकडे पूर्वी आवाज गेला की लोक मागे वळून केबिनकडे ओरडायचे. 'सैराट'ला मी वडिलांना घेऊन गेले होते. आवाज गेल्यावर तेही सवयीने मागे वळले. मग पुन्हा पडद्याकडे बघत बसले.