पीयूसी (बारावी) होऊन बरीच वर्षं झाली, आता बी.ए. करायचंय: खानापूर तालुक्यातून कुठं आणि कसं?

खानापूरची_सून

नमस्कार. वय 34, दहावीपर्यंत मराठी माध्यम, 2009 ला पीयूसी आर्ट्स पास. मुलं दोन, एक तिसरीत, एक बालवाडीत. सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं सगळं माझ्याकडेच. नवरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्टला, घरी थोडी भातशेती. बी.ए. करून पुढं बी.एड. करायची इच्छा आहे.

रेग्युलर कॉलेज जमेल का? बाहेरून केलेली पदवी चालते का? पेपर मराठीतून लिहिता येतात का? मार्क्स कार्डावर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, त्याचं काय करायचं? आणि रोज किती वेळ काढावा लागेल?

टिळकवाडी_काका

ताई, रेग्युलरला साधारण 75 टक्के हजेरी लागते. घरात आजारी माणूस आणि शाळेची मुलं असताना सगळं तिथंच अडतं. परीक्षेचा अभ्यास होतो, पण हजेरी भरत नाही आणि हॉल तिकीट अडकतं. म्हणून तुमच्यासाठी दूरशिक्षणच बरं. युजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरली जाते. मान्यता मात्र विद्यापीठागणिक आणि कोर्सागणिक असते. युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर त्या वर्षाच्या यादीत तुमचा कोर्स आहे का ते बघूनच फी भरा.

आता कुठं करायचं. आपल्या भागातून चार वाटा आहेत, आणि त्यातली निवड मी भाषेवरून करायला सांगेन.

म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ: माध्यम कन्नड किंवा इंग्रजी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याला पाच-पाचशे शब्दांची उत्तरं कन्नडमधून लिहिणं जड जातं. बोलता येणं वेगळं, लिहिणं वेगळं.

इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ: बी.ए.ची पुस्तकं हिंदी आणि इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या माणसाला हिंदी सोपी, लिपी तीच आणि शब्दही ओळखीचे. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, प्रवेश जानेवारी आणि जुलैला. तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येतं, आणि ती तीनच वर्षांत संपवली पाहिजे असं नाही, त्याच्या दुप्पट मुदत मिळते. घर सांभाळून शिकणाऱ्यासाठी ही मुदत फार मोलाची आहे.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ: बी.ए. मराठीतून, पुस्तकंही मराठीत. दोन्हींची अभ्यासकेंद्रं महाराष्ट्रातच असतात, त्यामुळं परीक्षेला हद्द ओलांडायची हे आधीच धरून चाला. निपाणीवाल्यांना ते काहीच नाही. खानापूरहून मात्र पेपर सकाळचा असला तर आदल्या दिवशी निघून मुक्काम करावा लागतो. कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना फुकट प्रवास आहे तो राज्याच्या आतला, पलीकडचं तिकीट आणि मुक्कामाचा खर्च फीमध्ये मिळवूनच तुलना करा.

एक कळकळीचं सांगणं. "परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी, परीक्षा इथंच बेळगावात, अभ्यासाची काळजी नको" असं सांगणारे एजंट असतात. विद्यापीठाच्या नावानं असा गाळा चालवायला युजीसीची मनाई आहे. असली पदवी पुढं बी.एड. प्रवेशाच्या पडताळणीत बाद होते, आणि तोवर पैसे गेलेले असतात, तीन वर्षंही गेलेली असतात.

निपाणीकर_क्लार्क

नावाच्या प्रश्नावर लिहितो, कारण बायकांचे बहुतेक फॉर्म इथंच अडतात.

दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी लागतो. तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, लागतो. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर नाव उचलतं आधारवरून. विद्यापीठ मात्र नाव धरतं दहावीच्या मार्क्स कार्डावरचं. म्हणजे एकीकडं सासरचं आडनाव, दुसरीकडं माहेरचं, आणि फॉर्म तिथंच थांबतो.

दोन उपाय आहेत. पहिला, आधारवर परत मार्क्स कार्डाप्रमाणे नाव करून घेणं. पण आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर एकच संधी उरते. शिवाय बँक, रेशन कार्ड, गृहलक्ष्मी सगळीकडं सासरचं नाव असेल तर तिथं नवा घोळ होईल. दुसरा उपाय मला जास्त पटतो: आधार आहे तसं ठेवायचं, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढायचं, आणि "अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती" असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र करून हे दोन्ही कागद फॉर्मसोबत जोडायचे. पदवीवर मार्क्स कार्डावरचंच नाव येऊ द्या. दहावी, पीयूसी, बी.ए. या तिन्हींवर एकच नाव असलं की पुढं बी.एड.ला कुणी विचारत नाही. लग्नाची नोंदणीच झाली नसेल तर पहिलं काम तेच, सब-रजिस्ट्रार ऑफिसात. फी भरायच्या आधी अभ्यासकेंद्रावर दोन्ही कागद दाखवून हा मार्ग त्या वर्षी चालतो का तेवढं विचारून घ्या.

बाकी कागद: दहावी आणि पीयूसीची मूळ मार्क्स कार्डं, पीयूसीची टीसी, फोटो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठाला कर्नाटक बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही द्यावं लागतं. जुन्या बॅचचं मायग्रेशन हातोहात मिळत नाही, म्हणून प्रवेशाची तारीख जाहीर व्हायच्या आधीच अर्ज करून ठेवा.

अभ्यासकट्टा

वेळेचा हिशेब. दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. वर्षाला 40 क्रेडिट धरले तर 1200 तास, म्हणजे आठवड्याला 23 तास, रोजचे सव्वातीन. तुमच्या घरात हे रोज निघणार नाहीत, आणि काढायचा हट्ट धरला तर दोन महिन्यांत पुस्तकं कपाटात जातील. वर्षाचे निम्मेच पेपर द्यायचे ठरवा, मग रोज दीड-पावणेदोन तासांत भागतं. इग्नूत परीक्षेचा फॉर्म पेपरवार भरतात, त्यामुळं हे करता येतं. पुढच्या वर्षाचं री-रजिस्ट्रेशन मात्र मुदतीत करायचंच, आधीचे पेपर राहिले असले तरी. निकालाची वाट बघत बसलात तर सत्र हातचं जातं.

खरी मेहनत असाइनमेंटची, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांची आहे. इग्नूच्या बी.ए.चा नेहमीचा साचा असा: 500 शब्दांची 2 उत्तरं, प्रत्येकी 20 गुण. 250 शब्दांची 3, प्रत्येकी 10. 100 शब्दांची 5, प्रत्येकी 6. एका पेपरला सव्वादोन हजार शब्द, सगळं हातानं. साध्या अक्षरात 15 पानं होतात. याला 30 टक्के वजन आणि परीक्षेला 70. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं, म्हणजे परीक्षेत 60 मिळाले तरी असाइनमेंट दिली नसेल तर पेपर अपूर्णच राहतो.

हमखास चुकतं ते इथं: असाइनमेंटची जुनी प्रश्नपत्रिका कुणाकडून तरी घेऊन लिहिली जाते, आणि ती तपासलीच जात नाही. प्रश्न बदलत राहतात, चालू सत्राचे स्वतःच उतरवून घ्या आणि पहिल्या पानावर सत्र लिहा. देताना पोच घ्या, आणि सगळ्या पानांची झेरॉक्स घरी ठेवा. गुण चढले नाहीत तर तेवढाच पुरावा असतो.

वेळापत्रक शेती आणि शाळेला धरून लावा. जुलैत खानापुरात रोप लावण, लाईटही जात-येत असते, त्या महिन्यात नुसतं वाचन ठेवा. डिसेंबरच्या परीक्षेच्या असाइनमेंट दसऱ्याच्या सुट्टीत संपवा, कारण नोव्हेंबरात सुगी. जूनच्या परीक्षेला मुलांची शाळा नुकतीच उघडलेली असते, तेव्हा वह्या-गणवेश मे महिन्यातच आणून टाका. परीक्षेच्या दिवशी सासूबाईंचं जेवण आणि गोळ्या कोण बघणार ते तारखा लागल्याबरोबर ठरवून घ्या.

खानापूरची_सून

खूप आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी अजून. शिवाजी विद्यापीठाला गेले तर आमचा जातीचा दाखला चालेल का? आणि बी.एड. पण घरबसल्या होतं का?

निपाणीकर_क्लार्क

नाडकचेरीतून (इथल्या महसूल कार्यालयातून) निघालेला कर्नाटकाचा दाखला महाराष्ट्र सरकारच्या सवलतींना चालत नाही. उदाहरणार्थ, मराठा समाज इथं 3बी या मागास गटात येतो, पण ते वर्गीकरण या राज्यापुरतंच. पलीकडं खुल्या वर्गाची फी धरून हिशेब करा.

टिळकवाडी_काका

बी.एड. घरबसल्या होत नाही, ताई. इग्नूचं दूरशिक्षणाचं बी.एड. आहे ते आधीच शिक्षक-प्रशिक्षणाचा मान्यताप्राप्त कोर्स झालेल्यांसाठी. तुम्हाला दोन वर्षं रेग्युलर कॉलेजला जावं लागेल, पाठ घ्यावे लागतील. तोवर धाकटं पोर मोठ्या इयत्तेत गेलेलं असेल, त्यामुळं बी.ए.ला पाच-सहा वर्षं लागली तरी बिघडत नाही.

पण टक्केवारी आत्तापासून सांभाळा. बी.एड.ला पदवीत 50 टक्के लागतात, राखीव गटांना सूट असते. इग्नूत बी.ए. 35 टक्क्यांवर पास होतं, त्यामुळं नुसतं पास होत गेलात तर पुढं दार बंद. असाइनमेंट मन लावून लिहिल्या की गुण तिथंच वर निघतात. विषय घेताना शाळेत शिकवले जाणारे घ्या: इतिहास, राज्यशास्त्र, हिंदी. बी.एड.ला अध्यापन पद्धती त्यावरूनच मिळते.

आणि नोकरी कर्नाटक सरकारची हवी असेल तर भरतीत सक्तीचा कन्नड पेपर येतो. पोरं शाळेत कन्नड शिकतातच, त्यांच्यासोबत रोज एक पान लिहीत जा.