चार वर्षांच्या खंडानंतर लिंक्डइन प्रोफाइल नव्याने उभं करायचं आहे, सल्ला हवा

पहाटवारा
नमस्कार मंडळी. औषधकंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, ९ वर्षं काम केलं. वडिलांना पक्षाघात झाला, त्यांच्याजवळ पूर्णवेळ कोणीतरी हवं होतं, म्हणून ४ वर्षांपूर्वी नोकरी सोडली. गेल्या वर्षी ते गेले. आता पुन्हा कामाला लागायचं आहे.

लिंक्डइनवर खातं आहे, पण नावापुरतंच. फोटो एका समारंभातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजारच्या बाईंचा खांदा अजून दिसतो. हेडलाइनमध्ये 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' आणि जुन्या कंपनीचं नाव. नोकरी सोडल्याची तारीख कधी घातलीच नाही, त्यामुळे मी अजून तिथेच आहे असं दिसतं. अबाउट रिकामं. कनेक्शन १४०, बहुतेक जुने सहकारी, पण कोणाशी बोलणं राहिलेलं नाही.

खंड दाखवावा की झाकावा? रोज पोस्ट टाकणं माझ्या स्वभावात नाही, त्यावाचून भागेल का? आणि पैसे भरून प्रीमियम घ्यावं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

कागदपेन्सिल
मी भरतीचं काम करते, १२ वर्षं झाली. आज रात्रीच ती जुनी नोकरी बंद करा. मुलाखतीपर्यंत गोष्ट गेली आणि तिथे कळलं की तुम्ही ४ वर्षांपूर्वीच बाहेर पडलात, तर खंडाचं कोणाला काही वाटणार नाही, पण तारीख खोटी होती हे लक्षात राहील.

आता आम्ही माणूस कसा शोधतो ते सांगते. आम्ही शब्द टाकून शोधतो. 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' विमा कंपनीतही असतो, बँकेतही असतो. मला एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हात बसलेली व्यक्ती हवी असेल तर मी 'एचपीएलसी', 'स्टॅबिलिटी', 'मेथड व्हॅलिडेशन' असं टाकते. हे शब्द तुमच्या प्रोफाइलवर नसतील तर तुम्ही कितीही हुशार असा, मला दिसणारच नाही. हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते, तिथे पद आणि कामाचे हे शब्द आले पाहिजेत. तेच स्किल्समध्ये आणि एक्सपिरियन्समध्येही.

अबाउटला २६०० अक्षरं मिळतात, पण प्रोफाइल उघडल्यावर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं 'सी मोअर' दाबल्यावर. त्यामुळे जे काही सांगायचं ते वरच सांगा. कच्चा मजकूर इथे टाकलात तर बघते.

प्रीमियम आत्ता नको. आधी दुकान मांडू, मग पाटी लावू.

रानजाई
पहाटवारा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मीही सासूबाईंच्या आजारपणात तीन वर्षं घरी होते.

खंड झाकू नका. एक्सपिरियन्समध्ये 'करिअर ब्रेक' घालायची सोय २०२२ पासून आहे, त्यात घरच्यांची काळजी घेणं असा प्रकारही निवडता येतो. त्याखाली मी दोनच ओळी लिहिल्या: घरातल्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी, आता पूर्णवेळ कामासाठी मोकळी. माफी नाही, लांबण नाही. आधी मी पानभर खुलासा लिहिला होता. तो वाचून माझी मैत्रीण म्हणाली, 'तू काय गुन्हा केलायस का?' आणि तो मी काढून टाकला.

एक व्यवहाराची गोष्ट. बदल करायला बसण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा. माझा राहिला होता आणि अर्धवट प्रोफाइलवर अभिनंदनाचे निरोप येऊ लागले.

पहाटवारा
मनापासून आभार. तारीख घातली, ब्रेकही घातला. अबाउट असं लिहिलंय: 'मेहनती, प्रामाणिक व उत्साही व्यावसायिक असून गुणवत्ता क्षेत्रात दीर्घ अनुभव आहे. नवीन आव्हाने स्वीकारण्यास सदैव तत्पर.'

कागदपेन्सिल
स्पष्ट सांगते, राग मानू नका. हे कोणाच्याही प्रोफाइलवर चिकटवलं तरी चालेल, यात तुम्ही कुठेच नाही. असं करा, मैत्रिणीला सांगताय असं समजून मला सांगा: लॅबमध्ये असं काय झालं होतं जे तुम्ही सोडवलंत?

पहाटवारा
एका गोळीच्या तपासणीत औषधाचं प्रमाण वारंवार कमी यायचं, म्हणजे ओओएस, ठरलेल्या मर्यादेबाहेरचा निकाल. दर वेळी ॲनालिस्टच्या हाताला दोष दिला जायचा, एका मुलीला तर त्यावरून पुन्हा ट्रेनिंगला बसवलं. मला ते पटत नव्हतं. यंत्राचा कॉलम बदलून पाहिला, तुलनेचं स्टँडर्ड द्रावण नवं केलं, फरक नाही. मग सॅम्पल कसं तयार होतं ते तिच्या शेजारी उभं राहून पाहिलं. सोनिकेशनची (ध्वनिलहरींनी औषध द्रावणात विरघळवण्याची) वेळ पद्धतीत लिहिली होती तेवढी देऊनही तळाशी बारीक कण राहत होते. म्हणजे औषध पूर्ण उतरतच नव्हतं. वेळ वाढवून तपासलं, पद्धतीत रीतसर बदल करून घेतला. त्यानंतर त्या गोळीचे ओओएस थांबले.

कागदपेन्सिल
हेच हवं होतं! इंग्रजीत तुम्ही लिहालच, आशय असा ठेवा: 'औषधांच्या क्यूसी लॅबमध्ये ९ वर्षं. एचपीएलसी, स्टॅबिलिटी, ओओएस तपास. एका गोळीच्या वारंवार येणाऱ्या ओओएसचं मूळ सॅम्पल तयार करण्याच्या पायरीत शोधलं आणि पद्धत सुधारून घेतली.' तिसऱ्या ओळीत, घरच्या जबाबदारीनंतर आता कामावर परतते आहे, बस.

कंपनीच्या गोपनीयतेचं भान ठेवा. गोळीचं नाव, बॅच नंबर, क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) यातलं काहीही प्रोफाइलवर येता कामा नये. मी असे फोटो टाकलेले उमेदवार पाहिलेत, आणि त्याच कारणाने त्यांना बाजूला ठेवलंय.

तिसरीघंटा
१४० कनेक्शन कमी आहेत असं मानू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की नव्या संधींची माहिती जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. लिंक्डइनच्याच २ कोटींहून जास्त सदस्यांवर त्याची पडताळणी झाली, ती २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी: फार घट्ट नाहीत, अगदी परक्याही नाहीत.

तुमचे जुने सहकारी नेमके तिथेच बसतात. त्या १४० जणांत आज दुसऱ्या कंपन्यांत कोण आहे ते शोधा आणि एकेकाला वेगळं लिहा. सगळ्यांना एकच मजकूर नको. 'ऑडिटच्या आदल्या रात्री आपण दोघींनी लॉगबुकं तपासली होती, आठवतं का? मी आता परत कामाला लागतेय. तुमच्याकडे लॅबमध्ये सध्या कशावर भर आहे?' एवढंच. नोकरी मागू नका, माहिती विचारा. माहिती द्यायला माणूस सहसा नाही म्हणत नाही.

ओळख नसलेल्यांना रिक्वेस्ट पाठवताना चिठ्ठी जोडा. फुकट खात्यावर अशा चिठ्ठ्या मोजक्याच मिळतात, त्या जपून वापरा.

उंबरठा
नोकरी शोधतोय असं दाखवणारं 'ओपन टू वर्क'चं हिरवं कडं मात्र फोटोला लावू नका असं माझं मत. गरजू दिसतो आपण. फक्त रिक्रूटरना दिसेल असा पर्याय आहे, तो निवडा.

आणि सावध राहा. माझ्या भावाने कडं लावलं आणि आठवड्यात 'निवड झाली' असा निरोप आला, मुलाखत नुसती चॅटवर. मग 'कागदपत्रांच्या पडताळणीसाठी' पैसे मागितले. त्याने भरले. गेले ते गेलेच. नोकरी देणारा पैसे मागत नाही, हे एवढं लक्षात ठेवा.

कागदपेन्सिल
फसवणुकीबद्दल शंभर टक्के सहमत. कड्याबद्दल नाही. जी सध्या नोकरीत आहे तिने ते रिक्रूटरपुरतंच ठेवावं, आणि तिथेही स्वतःच्या कंपनीला ते दिसणारच नाही याची पूर्ण हमी लिंक्डइन देत नाही. पहाटवारांना लपवण्यासारखं काय आहे? जुन्या सहकाऱ्यांना ते दिसलं तर उलट बरंच.

रानजाई
पोस्टचं राहिलं. मी सहा महिन्यांत तीनच टाकल्या असतील. पण आपल्या क्षेत्रातल्या लोकांच्या पोस्टखाली आठवड्यातून दोनदा नीट प्रतिक्रिया लिहायचे. 'छान माहिती' असली नव्हे, तर 'आमच्याकडे हे असं व्हायचं, तुम्ही काय केलंत?' अशी. माझी आताची नोकरी अशाच एका प्रतिक्रियेला उत्तर देणाऱ्या बाईंमुळे मिळाली.

पहाटवारा
दोन आठवड्यांनी लिहितेय. ११ जणांना निरोप पाठवले, ६ जणांची उत्तरं आली. एकाशी तासभर फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, पद्धत पडताळणीची (मेथड व्हॅलिडेशनची) आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू२ मार्गदर्शिका नोव्हेंबर २०२३ मध्ये बदलली, सोबत क्यू१४ नवी आली, मुलाखतीत त्यावर विचारतातच. मी नोकरी सोडली तेव्हा जुनीच चालू होती. सध्या दोन्ही शेजारी ठेवून वाचतेय, वहीत फरक लिहून काढतेय.

जुन्या मॅनेजर बाईंना रेकमेंडेशन मागायचं आहे. नुसतं 'माझ्याबद्दल लिहा' म्हणायला संकोच वाटतो.

कागदपेन्सिल
तसं म्हणूच नका. 'त्या गोळीच्या ओओएसचा तपास आपण केला होता, त्याबद्दल चार ओळी लिहाल का?' असं विचारा. त्यांनाही सोपं जातं, आणि तुमच्या अबाउटमधल्या ओळीला साक्षीदार मिळतो.

आणि वहीतले ते फरक झाले की तीच तुमची पहिली पोस्ट. मार्गदर्शिका सगळ्यांना वाचता येते, त्यात कंपनीचं काही नाही. माझ्या ओळखीतले दोन लॅबप्रमुख असलं काही आवर्जून वाचतात. टाकलीत की मला कळवा, मी त्यांना तुमचं प्रोफाइल पाठवते. पण त्याआधी तो फोटो बदला. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा आणि कोणाकडून तरी काढून घ्या.

पहाटवारा
उद्याच काढते, बहिणीला बोलावलंय.