मदत हवी आहे: लिंबू सरबतासाठी फुलांचा बर्फ, फूल वरच तरंगतंय

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात, शहापूरला असतो. येत्या शुक्रवारी घरी चैत्रागौरीचं हळदीकुंकू आहे, ४० तरी बायका येतील. दरवर्षी पन्हं आणि आंब्याची डाळ ठरलेली. यंदा वळवाच्या वाऱ्यात झाडाच्या निम्म्या कैऱ्या गळाल्या. आहेत त्या डाळीपुरत्या. म्हणून लिंबू सरबत करायचं ठरलं, आणि लेकीनं मोबाईलवर कुठंतरी बघून हट्ट धरलाय की प्रत्येक ग्लासात फूल गोठवलेला बर्फ पाहिजेच.

परवा एक ट्रे लावून बघितला. बाजारातल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि पुदिन्याची पानं टाकली, वरून नळाचं पाणी ओतलं, झालं. सकाळी बघते तर पाकळ्या सगळ्या वर येऊन चिकटलेल्या, पाण्याबाहेर राहिलेली कड काळी पडलेली. मधोमध बर्फ इतका पांढरा की आत काय आहे दिसेना. सरबतात टाकल्या टाकल्या तडकला आणि पाकळ्या ग्लासभर झाल्या. सासूबाईंनी घोट घेतला, ओठाला लागलेली पाकळी काढली आणि म्हणाल्या, "निर्माल्य कशाला घातलंस गं ह्यात?"

वर सरबतही कडवट झालं. सकाळी करून ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत तोंडात घालवेना. लिंबं मी चिमट्यात साल उलटी होईपर्यंत पिळली होती, ते चुकलं का?

अंगणात गोकर्ण, मोगरा, जास्वंद आणि कण्हेर आहे. लेकीचा डोळा गुलाबी कण्हेरीवर. फ्रीज एका दाराचा, दुपारी लाईटीचा भरवसा नाही. बर्फ किती दिवस आधी लावू?

अनगोळची अक्का:
आधी कण्हेर बाजूला ठेव. फूल, पान, चीक, सगळं विषारी आहे. शोभेलासुद्धा ग्लासात नको. बाजारातल्या गुलाबांवरही फवारणी असते, ते देवाला वाहा. घरचा मोगरा नि गोकर्ण चालेल, जास्वंदीच्या पाकळ्याही चालतील. देठ नि आतला दांडा काढून धुवून घे, मुंग्या फार असतात त्यात.

फूल हलकं, ते वर येणारच. म्हणून तीन खेपा करायच्या. खणात तिसरा हिस्सा पाणी घालून गोठव, त्यावर फूल पालथं ठेवून जेमतेम बुडेल एवढं पाणी घाल, परत गोठव, मग खण भर. एकदम भरलंस की पहिल्यासारखंच होणार. झाले की खडे पिशवीत बांधून ठेव, नाहीतर फ्रीजमधल्या कांद्याचा वास धरतात. ट्रे मोकळा होतो, परत लावता येतो. आज लागलीस तर शुक्रवारपर्यंत होतंय. आणि सरबत आधी फ्रीजमध्ये गार कर. कोमट सरबतात बर्फ पडला की तडकतोच.

खानापूरकर:
बर्फ पांढरा होतो कारण खणातलं पाणी बाहेरून आत गोठत जातं. पाण्यातली हवा नि क्षार मधे ढकलले जातात आणि तिथंच अडकतात. उकळून गार केलेलं पाणी घातलं तर थोडा फरक पडतो, काच काही होत नाही. काचेसारखा हवा असेल तर थर्माकोलच्या डब्यात पाणी भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवायचं. वरून खाली गोठतं, गढूळपणा तळाला जातो, तळ गोठायच्या आत काढून घ्यायचा. पण एका दाराच्या फ्रीजात तो डबा मावायचा नाही, सोडून द्या. फूल मधे आलं की पांढरेपणाकडं कोण बघतंय!

कडवटपणाचं मात्र बरोबर ओळखलंत. साल नि बिया दाबून पिळल्या की कडू उतरतं आणि रस जितका वेळ राहील तितकं वाढतं. हातानं हलकं पिळा, बिया लगेच गाळा. साखरेचा पाक आदल्या दिवशी करून ठेवा, रस बायका यायच्या तासभर आधी. ॲल्युमिनियमचं पातेलं नको.

निपाणीची सून:
गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळंशार होतं. गार करून त्याचाच बर्फ करा. सरबतात विरघळायला लागला की लिंबाच्या आंबटानं निळ्याचं जांभळं होतं. पोरं खूष होतात. बर्फाच्या पाण्यात मात्र लिंबू पिळू नका, गंमत आधीच संपते.

आमच्या शेजारच्या कन्नड काकू रामनवमीला पानक करतात. गूळ, सुंठ, वेलदोडा आणि लिंबू. बर्फ नाही, फूल नाही, माठातलं पाणी. खरं सांगू, मला तेच जास्त आवडतं.

शहापूर (मूळ प्रश्न):
अक्का, काल तीन खेपांनी एक ट्रे केला. मोगरा बरोब्बर मधे! मधल्या खेपेला दोन तास लाईट गेली, तेवढे चार खडे वाकडे झाले, ते आम्हीच संपवले. गोकर्णाचं पाणी आज लावलंय. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मोगरा केसात माळायचा असतो." पानक पुढच्या वर्षी नक्की. आता शेवटचं, ४० ग्लासांना लिंबं किती घेऊ?

अनगोळची अक्का:
२०० मिलीचा ग्लास धर, ८ लिटर झालं. लिटरला चार, म्हणजे ३२ लिंबं नि किलोभर साखर. वरती आठ लिंबं जास्त घे, या दिवसांत काही कोरडी निघतात. रविवार पेठेत जाशील तर पातळ सालीची बघून घे. मीठ चवीपुरतंच, आणि मोगऱ्याचे दोन खडे माझ्या ग्लासात.