बारकोड लावल्यावर पुढे काय?

पुस्तकांना बारकोड लावले, नोंदी संगणकावर चढवल्या, की शाळेच्या ग्रंथपालाचं तंत्रज्ञान शिकून झालं, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. खरं शिकणं तिथून पुढे सुरू होतं.

कोहाचंच घ्या. ग्रंथालयाचं काम संगणकावर चालवणारी, न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ही मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली आपल्याकडेही बरीच ग्रंथालयं वापरतात. पुस्तकांची देवघेव लगेच जमते. पण मुलगी शोधताना 'कुसुमाग्रज' टाइप करते, तिला कविता दिसतात आणि नाटकं 'वि. वा. शिरवाडकर' या नावाखाली राहून जातात. दोन्ही नावांचे ऑथॉरिटी रेकॉर्ड (नावाच्या प्रमाणित नोंदी) करून ते ५०० क्रमांकाच्या फील्डने, म्हणजे 'हेही पहा' असं सांगणाऱ्या रकान्याने जोडले, की एका नावावरून दुसऱ्याकडे जायची वाट मिळते. हे जमायला सूचीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं शास्त्र, पक्कं लागतं आणि मुलं शोधतात कशी, तेही माहीत लागतं. एक दिवसाच्या कार्यशाळेत हे येत नाही, कितीही छान प्रमाणपत्र मिळालं तरी!

दुसरं, स्टोरीवीव्हर, म्हणजे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ. २०१५ पासून तिथल्या गोष्टी खुल्या परवान्यात मिळतात; त्यांचं भाषांतरही करता येतं, मात्र मूळ लेखक आणि चित्रकाराचं श्रेय द्यावंच लागतं. मुलांकडून एक गोष्ट मराठीत आणून घ्या. श्रेय आणि परवाना म्हणजे काय, हे त्यांना सांगणारा शाळेत ग्रंथपालाइतका योग्य माणूस दुसरा नाही.

म्हणून प्रशिक्षण मागताना 'संगणक वापर' एवढंच मागू नका. सूचीकरण आणि कॉपीराइट यांवर वेळ मागा, आणि तो कामाच्या तासांतच मिळायला हवा.